इंजिनिअरिंगचं कॉलेज निवडताना कटऑफच्या पलीकडे काय पाहायचं

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी एकच यादी फिरू लागते, मागच्या वर्षीच्या कटऑफची. मुलीला ९१ पर्सेंटाइल आहेत, अमुक कॉलेजात कम्प्युटर ९०.४ला बंद झालं होतं, म्हणजे ते आपल्याला बसतं. तमुक कॉलेज ८४ला बंद झालं, म्हणजे ते हलकं. मग वरून खाली उतरत्या क्रमाने ऑप्शन फॉर्म भरला जातो आणि चार वर्षांचा, बऱ्याच घरांत कर्ज काढून करायचा निर्णय एका दुपारीत उरकतो.

कटऑफ उपयोगाचा आहेच, पण तो नेमकं काय सांगतो ते आधी समजून घेऊ. मागच्या वर्षी त्या शाखेत, त्या प्रवर्गात, त्या फेरीत शेवटची जागा ज्या विद्यार्थ्याला मिळाली, त्याचा गुणवत्ता क्रमांक आणि पर्सेंटाइल म्हणजे कटऑफ. त्यातून मागणी कळते, शिकवणं कसं आहे ते कळत नाही. मागणी अनेक कारणांनी वाढते. कॉलेज पुण्यात आहे, स्टेशनपासून जवळ आहे, शाखेच्या नावात 'एआय' आहे, बसवर जाहिरात आहे, मावसभाऊ तिथेच शिकतो. पर्सेंटाइलचंही तसंच. ९१ पर्सेंटाइल म्हणजे ९१ टक्के गुण नव्हेत, परीक्षेला बसलेल्यांपैकी ९१ टक्के मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढंच. चार लाख मुलं बसली असतील तर तुमच्या पुढे साधारण छत्तीस हजार जण आहेत. वरच्या टोकाला अर्ध्या पर्सेंटाइलच्या फरकात दोन हजार मुलं उभी असतात. म्हणून ९०.४ आणि ८९.९ यांच्यावरून दोन कॉलेजांच्या दर्जात फरक आहे असं मानणं चुकीचं आहे.

मग तोलायचं कशावर? माझं मत स्पष्ट आहे: विद्यापीठाचं नाव, कॉलेजचं नाव आणि तुमचा विभाग या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची चार वर्षं विभागात जाणार, म्हणून तुलना विभागाची करायची.

आधी विद्यापीठाचा गुंता सोडवू, कारण पालकांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचं कॉलेज ढोबळमानाने चार प्रकारांत मोडतं. पहिला प्रकार संलग्न कॉलेजांचा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, मुंबई विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठ किंवा लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ यांचाच अभ्यासक्रम तिथे शिकवतात आणि पेपरही विद्यापीठाचाच असतो. दुसरा प्रकार स्वायत्त कॉलेजांचा. अभ्यासक्रम, पेपर, तपासणी सगळं कॉलेजचं, पदवी मात्र मूळ विद्यापीठाची. मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस ही याची जुनी उदाहरणं. तिसरा प्रकार सरकारी एकल विद्यापीठाचा: १८५४ साली सुरू झालेलं पुण्याचं सीओईपी २०२२ पासून स्वतःच विद्यापीठ झालं आहे. चौथ्या प्रकारात खासगी आणि अभिमत विद्यापीठं येतात. यातली बहुतेक कॅपच्या, म्हणजे सीईटी सेलच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, बाहेर स्वतःचे प्रवेश करतात. मुंबईची आयसीटी अभिमत असली तरी ती सरकारी संस्था आहे आणि तिथल्या राज्याच्या जागा कॅपमधूनच भरतात, त्यामुळे 'अभिमत' हा शब्द दिसला की लगेच पान उलटू नका.

यावरून एक सोपी गोष्ट लक्षात येते. एकाच विद्यापीठाच्या दोन संलग्न कॉलेजांत अभ्यासक्रम एक, पेपर एक, पदवीवरचं नाव एक. फरक फक्त शिकवणारे, प्रयोगशाळा आणि बरोबरची मुलं यांत. 'पुणे युनिव्हर्सिटीची डिग्री आहे' एवढ्याने काहीच ठरत नाही. 'बाटू'चंही, म्हणजे लोणेऱ्याच्या त्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचंही, तेच. लोणेऱ्याचा स्वतःचा कॅम्पस वेगळा आणि त्याच नावाखाली राज्यभर पसरलेली संलग्न कॉलेजं वेगळी.

स्वायत्ततेबद्दल दोन्ही टोकांची मतं ऐकू येतात. माझ्या पाहण्यात स्वायत्तता चांगल्या कॉलेजला आणखी चांगलं करते आणि ढिसाळ कॉलेजला आणखी ढिसाळ. पेपर काढणारा आणि तपासणारा एकच असला की शिस्त आतूनच यावी लागते. हे तपासण्याचा मार्ग आहे. स्वायत्त कॉलेजांचे अभ्यासक्रम त्यांच्या संकेतस्थळावर असतात. तुमच्या शाखेच्या तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडा आणि सीओईपी किंवा व्हीजेटीआयच्या त्याच शाखेच्या अभ्यासक्रमाशेजारी ठेवा. विषयांची नावं दोन्हीकडे सारखीच दिसतील. प्रयोगांची यादी, संदर्भ पुस्तकं आणि शेवटचा बदल कुठल्या वर्षी झाला ते पाहा. इंजिनिअर नसलेल्या पालकालाही अर्ध्या तासात फरक कळतो.

आता विभागाकडे. कॉलेजच्या फाटकावर 'नॅक ए प्लस प्लस' लिहिलेलं असतं. नॅक संपूर्ण संस्थेचं मूल्यमापन करतं, त्यात ग्रंथालय, कारभार, सामाजिक उपक्रम सगळं आलं. एनबीए मात्र एकेका अभ्यासक्रमाला मान्यता देतं, तीही मुदतीची. म्हणजे एकाच इमारतीत मेकॅनिकलला एनबीए असेल आणि तीन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या डेटा सायन्सला नसेल. नव्या शाखेला ती लगेच मिळतच नाही, त्यामुळे नसणं हा दोष नव्हे. पण माहितीपत्रकावर 'एनबीए मान्यताप्राप्त' असं मोघम लिहिलेलं दिसलं तर 'कोणत्या शाखेला आणि कधीपर्यंत' हा प्रश्न विचारलाच पाहिजे. उत्तर एनबीएच्या संकेतस्थळावर मिळतं.

मी सर्वांत जास्त वजन शिक्षकांच्या संख्येला देतो. तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या निकषाप्रमाणे बीई-बीटेकला वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा. हिशेब करून पाहा. साठ जागांची शाखा म्हणजे चार वर्षांची मिळून २४० मुलं, म्हणजे बारा शिक्षक. तीच शाखा २४० जागांची असेल तर ९६० मुलं आणि ४८ शिक्षक. आता कॉलेजच्या संकेतस्थळावर त्या विभागाची शिक्षकांची यादी उघडा. एआयसीटीईच्या मान्यतेतल्या कॉलेजांना 'मॅन्डेटरी डिस्क्लोजर' नावाचा तपशील जाहीर करावा लागतो, त्यात ही यादी असते. ४८च्या जागी २२ नावं दिसली, त्यातली निम्मी मागच्या दोन वर्षांत रुजू झालेली दिसली, तर त्या शाखेच्या कटऑफमुळे हुरळून जायचं कारण नाही.

हा हिशेब आजच्या घडीला फार महत्त्वाचा आहे. २०२४ पासून एआयसीटीईने एका शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली. अटी पूर्ण करणाऱ्या कॉलेजांनी कम्प्युटर आणि तिच्या भावंडांच्या जागा भराभर वाढवल्या. जागा एका आदेशाने वाढतात, पण चांगला शिक्षक तयार व्हायला आणि टिकायला वर्षं लागतात. मागच्या वर्षीचा कटऑफ १२० जागांचा होता आणि यंदा तिथे ३०० जागा आहेत, तर तो कटऑफही लागू पडत नाही आणि त्या विभागाची जुनी कीर्तीही जशीच्या तशी लागू पडत नाही. यंदाची मंजूर प्रवेशक्षमता कॅपच्या जागा-तक्त्यात असते, ती मागच्या वर्षाशी ताडून पाहा.

जमलं तर कॉलेज प्रत्यक्ष पाहून या, पण कामाच्या दिवशी, दुपारी. स्वागतकक्ष आणि सभागृह दाखवायला माणूस बरोबर येईलच. त्याला विनंती करून तिसऱ्या वर्षाच्या प्रयोगशाळेत जा. यंत्रावर किंवा ऑसिलोस्कोपवर धूळ आहे का? एका संगणकावर किती मुलं बसली आहेत? मुलं प्रयोग करताहेत की वर्गमित्राचं जर्नल उतरवून काढताहेत? नंतर कॅन्टीनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोला. 'कॉलेज कसं आहे' विचारलं तर 'बरं आहे' एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: मागच्या सेमिस्टरला किती विषयांचे शिक्षक मध्येच बदलले? वर्गात किती जणांना वायडी लागला, म्हणजे नापास होऊन वर्ष गेलं? प्रोजेक्ट स्वतः करता की विकत आणता? मुलं खरं सांगतात. त्यांना कोणी नीट विचारत नाही एवढंच.

प्लेसमेंटचा विषय या सगळ्यात सर्वांत चकचकीत आणि सर्वांत निसरडा. फलकावर 'सर्वोच्च पॅकेज ४४ लाख' असतं. ते एका मुलाचं असतं, आणि तो मुलगा बहुधा कुठेही असता तरी पुढे गेलाच असता. त्याखाली 'सरासरी पॅकेज' असतं. दहा मुलांपैकी नऊ जणांना ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले तर सरासरी ८ लाख येते, आणि ८ लाख तर त्या दहांतल्या एकालाही मिळालेले नसतात. म्हणून मध्यक विचारायचा: सगळे पगार ओळीने लावले की मधोमध जो येतो तो. या उदाहरणात तो ४ लाख आहे, आणि तुमच्या मुलाला तिथे काय मिळण्याची शक्यता आहे याच्या तो सर्वांत जवळचा आकडा आहे.

मध्यक कुठे मिळतो? केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती ठराविक तक्त्यात द्यावी लागते आणि ती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. पहिली क्रमवारी २०१६ साली आली. लोक क्रमांक पाहतात आणि थांबतात. क्रमांकात संशोधनाचे गुण आहेत, लोकांच्या मनातल्या प्रतिमेचे गुण आहेत, पदवीच्या विद्यार्थ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. खरी कामाची गोष्ट त्या तक्त्यात एका ओळीत असते: इतक्या मुलांना प्रवेश दिला, त्यातली इतकी ठरल्या वेळेत उत्तीर्ण झाली, इतक्यांना नोकरी लागली, मध्यक पगार इतका, इतके पुढच्या शिक्षणाला गेले.

समजा त्या ओळीत असे आकडे आहेत: प्रवेश १८०, वेळेत उत्तीर्ण १२०, नोकरी ६६, पुढचं शिक्षण १४, मध्यक साडेचार लाख. याच कॉलेजच्या जाहिरातीत '९० टक्के प्लेसमेंट' असू शकतं आणि ते खोटंही नसेल. कसं? कंपन्यांच्या अटीत बसणारी, एकही बॅकलॉग नसलेली, प्लेसमेंट सेलकडे नाव नोंदवलेली मुलं ७३ होती आणि त्यातल्या ६६ जणांना नोकरी लागली. ६६ भागिले ७३ म्हणजे ९० टक्के. पण तुमचं मूल प्रवेश घेणाऱ्या १८० जणांतलं एक असणार आहे, आणि १८०मधले ६६ म्हणजे ३७ टक्के. १८०पैकी ६० मुलं चार वर्षांत बाहेर पडलीच नाहीत, हा आकडा मला नोकरीच्या आकड्याहून जास्त बोलका वाटतो. प्रवेश देताना सगळ्यांना घेतलं आणि एक तृतीयांश वाटेत मागे राहिली, तर शिकवण्यात किंवा मुलांकडे लक्ष देण्यात काहीतरी उणं आहे.

एक खबरदारी. हा तक्ता सहसा संपूर्ण संस्थेचा असतो, शाखेचा नाही. शाखेचे आकडे प्लेसमेंट सेलकडे मागा. आणि 'ऑफर किती' असं न विचारता 'विद्यार्थी किती' असं विचारा, कारण एका हुशार मुलीला तीन ऑफर आल्या की त्या तीन मोजल्या जातात.

शाखा की कॉलेज, हा वाद दरवर्षी रंगतो. जुन्या सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल मिळत असेल आणि दुसरीकडे चार-पाच वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या कॉलेजात कम्प्युटर, तर काय करायचं? मुलाला एखाद्या विषयाची खरी ओढ असेल तर प्रश्नच नाही, ती शाखा जिथे नीट शिकवतात तिथे जावं. पण बहुतेक अठरा वर्षांच्या मुलांना ती ओढ अजून ठाऊक नसते, आणि त्यात गैर काही नाही. अशा वेळी मी चांगल्या कॉलेजच्या बाजूने झुकतो. वालचंद किंवा कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी फी कमी असते, बरोबरची मुलं कष्टाळू असतात, माजी विद्यार्थ्यांचं जाळं मोठं असतं, आणि सॉफ्टवेअर कंपन्या बऱ्याचदा इतर शाखांच्या मुलांनाही घेतात. फक्त 'आत्ता घेऊ, पहिल्या वर्षानंतर शाखा बदलू' या भरवशावर कुठलीच जागा घेऊ नका. बदल मिळतो तो जागा रिकामी असेल तरच, आणि तोही गुणांच्या क्रमाने.

पैशाचा हिशेब वर्षाचा करू नका, चार वर्षांचा करा आणि एका कागदावर लिहून काढा. कॅपमधल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येते. कॉलेज जास्तीचं मागत असेल तर पावती आणि कारण विचारा. ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, परीक्षा फी, वसतिगृह किंवा कॉट बेसिसचं भाडं, मेस, जाण्या-येण्याचा खर्च हे सगळं कागदावर आलं पाहिजे. पुण्यात राहून शिकणाऱ्या मुलाचा खोली आणि मेसचा खर्च काही वेळा कॉलेजच्या फीच्या बरोबरीला जातो. जवळच्या जिल्ह्यातलं कॉलेज त्यामुळेच अचानक परवडणारं वाटू लागतं.

सवलती पाहतानाही प्रवेश कोणत्या मार्गाने होतोय याला फार महत्त्व आहे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला किंवा खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ते लागू नाही. म्हणजे एकीकडे 'थोडं जास्त भरून चांगलं कॉलेज' वाटणारा पर्याय प्रत्यक्षात पूर्ण माफी सोडून पूर्ण फी भरण्याचा पर्याय असू शकतो. टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीची योजना, ही आणखी एक वाट. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर पाच टक्क्यांपर्यंत अशा जागा असतात आणि आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुठल्याही प्रवर्गाच्या मुलाला ट्यूशन फी माफ होते. मात्र या जागेचा चॉईस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये भरायचा त्या पर्यायाचा क्रमांक, वेगळा असतो. तो फॉर्ममध्ये स्वतंत्र भरला नाही तर कितीही गुण असले तरी ती जागा मिळत नाही, आणि हे दरवर्षी अनेकांच्या लक्षातच येत नाही.

आता कटऑफच्या पुस्तिकेकडे परत जाऊ, कारण ती वाचता आली पाहिजे. 'जी ओपन एस', 'जी ओपन एच', 'एल ओपन ओ' अशी शीर्षकं दिसतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीच्या जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर सर्वांत महत्त्वाचं: एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्या बाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. तुमची होम युनिव्हर्सिटी तुम्ही बारावी जिथून दिली त्यावर ठरते. बीडची मुलगी अकरावी-बारावीला लातूरला गेली असेल तर तिची होम युनिव्हर्सिटी छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ नाही, नांदेडचं. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेत एच आणि ओ यांच्या कटऑफमध्ये मोठी तफावत असू शकते, म्हणून शेजारच्या घरातल्या मुलाचा अनुभव तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

शेवटी फॉर्मचा क्रम. 'वर मोठं कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जाईल' ही भीती फार पसरली आहे आणि ती निराधार आहे. संगणक गुणवत्ता यादीतल्या क्रमाने एकेका विद्यार्थ्याकडे येतो, त्याचा फॉर्म वरून खाली वाचतो आणि ज्या पहिल्या पर्यायात जागा शिल्लक आहे ती देतो. तुमच्या क्रमांकावर मिळणार नसलेले दहा पर्याय वर लिहिलेत, तरी अकरावा मिळायची शक्यता कणभरही घटत नाही. क्रम फक्त तुमच्या पसंतीचा असावा, कटऑफचा नसावा.

एका गोष्टीत मात्र सावध राहायला हवं. २०२५च्या प्रवेशात पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप पक्की होत होती, पुढच्या फेरीत बदलता येत नव्हती. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी कोणताही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही मिळाला तरी तसंच. म्हणजे वरचे सहा पर्याय 'मिळाले तर डोळे झाकून जाऊ' असेच हवेत, हौसेखातर टाकलेले नकोत. त्याखाली मिळालेल्या जागेवर बेटरमेंट घेता येतं, म्हणजे ती जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट पाहता येते, पण पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला की आधीची जागा आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि फॉर्म निश्चित करण्याच्या आदल्या रात्री मुलाला शेजारी बसवून प्रत्येक ओळ वाचा. प्रत्येक पर्यायापाशी त्याला विचारा, 'हे मिळालं तर जाशील?' जिथे तो अडखळेल, तिथे थांबून पुन्हा बोला, आणि गरज पडली तर तो पर्याय खाली न्या किंवा काढून टाका.